आवाजाचा माग

मोटारीच्या पुढल्या अंगाकडून खडखड ऐकू येऊ लागली, म्हणजे यंत्रविद्येशी ज्याचा सुतराम संबंध नाही असा मनुष्यही गाडी रस्त्याच्या कडेला घेतो, बॉनेट उघडतो आणि आतल्या पट्ट्याकडे, पंख्याकडे, नळ्यांकडे काही काळ पाहत उभा राहतो. त्यातले काही उमगले नाही तरी आवाजाचे ठिकाण आपल्या डोळ्यांसमोर आहे एवढे समाधान त्याला लाभते. पाठीमागून येणाऱ्या आवाजाच्या बाबतीत हे समाधानही नाही. तेथे उघडून पाहावे असे डिक्कीखेरीज काही नसते, आणि डिक्कीत स्टेपनी, जॅक, टॉमी व घरच्या चार वस्तू यांपलीकडे काही सापडत नाही. गाडी थांबली की आवाज थांबतो, चालू लागली की पुन्हा सुरू होतो, आणि चालविणाऱ्याला आपली जागा सोडून मागे जाऊन कान देण्याची सोय नसते. म्हणून मागच्या आवाजाची फिर्याद घेऊन गॅरेजच्या दारात येणारा मनुष्य बहुधा अर्धवट माहितीचा, मनातून धास्तावलेला, आणि पुष्कळदा इतरत्र पैसे खर्चून झालेला असतो.

परभणी जिल्ह्यात अशा फिर्यादी विपुल आहेत, आणि त्यांचे मूळ लोखंडाइतकेच येथल्या मातीत आहे. दख्खनच्या पठारावरील अग्निजन्य काळ्या पाषाणाच्या झिजेतून युगानुयुगे साठत आलेली काळी माती गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या काठांनी या जिल्ह्याला सढळ हाताने लाभली. कापूस, ज्वारी, तूर आणि अलीकडच्या काळातले सोयाबीन हे सारे वैभव तिचेच. परंतु या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचा जो चिकणमातीचा घटक असतो, तो पावसाचे पाणी पिऊन फुगतो आणि उन्हाळ्यात इतका आक्रसतो की वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जी माती वर्षातून एकदा फुगते आणि एकदा आकुंचन पावते, तिच्यावर घातलेल्या रस्त्याचा पाया कितीही दाबून केला तरी जागचा ढळतो. डांबराचा थर एका ठिकाणी खचतो, दुसऱ्या ठिकाणी उचलला जातो, कडा तुटतात, आणि वरून जाणाऱ्या गाडीच्या मागल्या भागाला, जेथे माणसे, खताची पोती, बियाण्याच्या पिशव्या यांचा सारा भार असतो, प्रत्येक उंचवट्याला एक आघात सोसावा लागतो. उत्तरेस जिंतूरच्या अंगाला अजिंठ्याच्या रांगेचे फाटे आणि दक्षिणेस गंगाखेडच्या अंगाला बालाघाटचे डोंगर आहेत. तेथे काळ्या मातीची जागा मुरूम आणि दगड घेतात व दुखण्याचे स्वरूप पालटते.

याच कारणाने येथला जाणता मिस्त्री गाडीकडे पाहण्यापूर्वी गावाचे नाव विचारतो. परक्या मनुष्याला हा प्रश्न केवळ ओळखीपाळखीचा वाटेल, पण तो निदानाचा पहिला प्रश्न आहे. पाथरी, मानवत, सोनपेठ, पालम किंवा पूर्णा या तालुक्यांतील नदीकाठच्या गावाची गाडी असेल आणि महिना श्रावण-भाद्रपदाचा असेल, तर पाणंदीतला चिखल चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूस एकाच अंगाला बसून वाळला असण्याचा संभव फार. असे चाक तोल सोडून फिरते आणि एका ठरावीक वेगाला गाडीचा मागचा भाग घरघरू लागतो, त्या वेगाच्या अलीकडे-पलीकडे आवाज मंदावतो. मालकाने बेअरिंगचा धसका घेतलेला असतो. आणि इलाज असतो तो एक खुरपे, एक बादली पाणी व दहा मिनिटांची मेहनत. जिंतूर किंवा गंगाखेडच्या डोंगराकडली गाडी असेल तर मिस्त्रीचा विचार वेगळ्या दिशेला जातो: ब्रेकच्या ड्रमाआड अडकलेला खडा, दगडावर आपटून रबराच्या आधारातून सुटलेला सायलेन्सर, किंवा तडकलेला स्प्रिंगचा पाटा. कालव्याच्या पट्ट्यातील आणि ओढ्यावरच्या फरशीवरून पाण्यातून ये-जा करणाऱ्या गावांतील गाड्यांच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरून वंगण निकामी होते आणि गंज चढतो. पैठणच्या जायकवाडी धरणाचे पाणी डाव्या कालव्याने या जिल्ह्यात आल्यापासून शेतीचे जे रूप पालटले, त्याबरोबर वाहनांची दुखणीही थोडी पालटली, हे जुन्या कारागिरांचे निरीक्षण मला यथार्थ वाटते. ऋतूचाही दाखला घ्यावा लागतो. उन्हाळ्यात पारा ४४ अंशांपलीकडे जातो तेव्हा पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश कडक होऊन चिरफळतात, आणि मार्गशीर्ष-पौषातल्या कडाक्याच्या पहाटे तेच बुश कुरकुरतात. दुपारी ऊन चढले की गप्प होतात. सकाळीच होणारा आणि दुपारी नाहीसा होणारा आवाज सांगितला, की मिस्त्रीची दृष्टी प्रथम रबराकडे वळते.

कान देऊन दोष ओळखण्याची ही विद्या मोटारीबरोबर या प्रांतात आली असे मात्र समजू नये. ज्यांच्या दारात बैलगाडी होती, त्या घरांतील वडीलधारी माणसे वंगण आटलेल्या आसाची कुरकुर शिवेवरून ओळखीत. उन्हाळ्यात लाकूड आक्रसून चाकावरची लोखंडी धाव ढिली झाली की तिचा आवाज बदले, आणि सुताराकडे व लोहाराकडे जाण्याची वेळ झाली हे त्यावरूनच ठरे. पुढे निझामाच्या राज्यात, ज्यात परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत होता, रेल्वेच्या खात्याने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. त्या राजवटीची खूण म्हणून या बाजूच्या गॅरेजांतून उस्ताद आणि शागीर्द ही संबोधने आजही चालतात, आणि बोलणे मराठी व दखनी यांच्या मिश्रणातून सहज वाहते.

मागचा आवाज फसवा का असतो, याची मीमांसा शरीरशास्त्रात आणि पदार्थविज्ञानात करता येते, आणि ती केल्यावाचून मिस्त्रीच्या परिश्रमाची किंमत कळत नाही. आपले दोन कान एकमेकांपासून वीतभर अंतरावर आहेत. डावीकडून आलेला ध्वनी डाव्या कानावर आधी आणि उजव्या कानावर किंचित नंतर पडतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू त्यावरून दिशा ठरवितो, आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली या विषयाची जी उपपत्ती मांडली ती अद्याप मान्य आहे. पण ध्वनी अगदी समोरून आला काय आणि अगदी पाठीमागून आला काय, दोन्ही कानांवर तो एकाच क्षणी पडतो. तेव्हा पुढे की मागे हे ठरविण्यासाठी मनुष्य मान वळवितो आणि कानाच्या पाळीच्या रचनेचे साहाय्य घेतो. सुकाणूवर बसलेल्या मनुष्याला मान वळविण्याची मोकळीक नाही. त्यातच बंद काचांच्या आत ध्वनी छतावरून, दारांवरून परावर्तित होतो. आणि पोलादातून तो हवेच्या दसपटीहून अधिक वेगाने धावत असल्याने मागल्या चाकापाशी निपजलेला आघात सांगाड्यातून येऊन पुढल्या आसनाखाली प्रकट होतो. खोल, घुमणारे आवाज तर दिशेचा पत्ताच लागू देत नाहीत. त्यामुळे मालक ‘डावीकडून येतो’ म्हणाला तर ती त्याची प्रामाणिक जबानी असते, पण तिची खातरजमा झाल्यावाचून पाना हाती घेणे हा प्रमाद ठरतो.

संशयितांची संख्या गाडीच्या जातीवर अवलंबून असते. जुनी अँबेसिडर, प्रीमियरची फियाट, महिंद्राची जीप या सर्व गाड्यांत इंजिन पुढे आणि जोर मागल्या चाकांना अशी रचना होती. म्हणून त्यांच्या पाठीमागे चाके, ब्रेक व पाटे यांच्याशिवाय प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस आणि डिफरन्शियलमधील क्राउन-पिनियन एवढी मंडळी संशयास पात्र असत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली; तिचा जोर पुढल्याच चाकांना असल्याने मागची चाके केवळ फरफटत येणारी, आणि तपासाचे क्षेत्र एकदम आकुंचित झाले. शहरी गाड्यांच्या बाबतीत हे सुख वाढतच गेले. परंतु ग्रामीण मराठवाड्याने ज्यांच्यावर भिस्त ठेवली, त्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या, १९९४ ची टाटा सुमो आणि २००० ची बोलेरो, या सर्व मागल्या चाकांनी ढकलणाऱ्या. म्हणून परभणीच्या उस्तादाला जुनी संपूर्ण विद्या अंगी बाळगावी लागली.

त्या विद्येचा क्रम पाहिला म्हणजे मला आपल्या वैद्यकशास्त्राचे स्मरण होते. वाग्भटाने रोग्याच्या परीक्षेसाठी दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी तीन साधने सांगितली आहेत. आणि परभणीच्या ज्या गॅरेजात मी हे काम होताना पाहिले, तेथील उस्तादाने यांतील प्रश्नाला पहिले स्थान दिले होते. गाडी रिकामी असता वाजते की भरल्यावर? खड्ड्यात वाजते की सपाट रस्त्यावर? वळणावर वाढते का, आणि कोणत्या वळणावर? वेगाबरोबर चढते की वेग कोणताही असो तसेच राहते? ब्रेकवर पाय ठेवला की काय होते? गिअर काढून गाडी नुसती घरंगळू दिली तर आवाज राहतो का? कधीपासून आहे, आणि त्याच्या आधी गाडीवर कोणते काम झाले? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पंक्चर काढून चाक घाईने बसविले गेले असेल आणि त्यानंतर टकटक सुरू झाली असेल, तर चाकाचे नट सैल असण्याचा संभव असतो, आणि ही गोष्ट क्षणाचाही विलंब न लावता तपासण्याची आहे. असे चाक चालत्या गाडीतून निखळून प्राणावर बेतू शकते. म्हणून उस्ताद प्रथम चाकांचे नट पाहतो, नंतर डिक्की पूर्ण रिकामी करवितो. जॅकची मूठ, सैल स्टेपनी, लग्नघरून आलेले एखादे भांडे, मागल्या आसनाचे नीट न बसलेले कुलूप, डिक्कीच्या झाकणाची ढिली कडी, एवढेच काय पण अर्ध्या भरलेल्या टाकीतले इंधन ब्रेक लावताना छपकन हलणे, या निरुपद्रवी कारणांचा निकाल लागल्यावाचून गाडी उचलण्याचे कारण नाही. डिक्की रिकामी झाल्यानंतरच्या फेरीत आवाज नाहीसा होणे ही गॅरेजातली नित्याची घटना आहे, आणि त्या वेळी मालकाला संकोच वाटू नये याची उस्ताद फार काळजी घेतो, हे मला नमूद केलेच पाहिजे.

यानंतरच्या परीक्षेत बेअरिंग आणि टायर यांचा विवेक करणे हे सर्वांत अधिक चुकणारे काम. दोघांचाही आवाज वेगाबरोबर चढणारा, घुमणारा. आणि दोघांच्याही नावाने विनाकारण खर्च होतो. टायरची झीज असमान झाली असेल तर त्याचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागाबरोबर बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. परभणीहून पाथरीकडे आणि नांदेडकडे जाणाऱ्या, कल्याण आणि निर्मल यांना जोडणाऱ्या महामार्गासारख्या रस्त्यांवर आता सिमेंटचे पट्टे झाले आहेत. जेथे सिमेंट संपून डांबर लागते ती सीमा उस्तादाच्या कामी येते, कारण त्या सीमेवर सूर पालटला तर टायर आणि न पालटला तर बेअरिंग, असे बऱ्याच अंशी म्हणता येते. मग मोकळ्या जागेत मंद वळणे घेतली जातात: उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, आणि तेव्हा घरघर वाढली तर डाव्या बेअरिंगवर संशय दृढ होतो. त्यानंतर गाडी उचलून, घोड्या लावून, चाक हाताने फिरविले जाते आणि पाट्यावर तळहात ठेवला जातो. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी हाताला कळते. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली कोणी शिरावयाचे नाही हा येथला सक्त नियम, आणि तो सर्वत्र असावा. ब्रेकच्या पट्ट्यांचा संशय असेल तर निर्जन जागी अगदी सावकाश चालत हँडब्रेक किंचित ओढून आवाज बदलतो का पाहतात. आतल्या आत फिरणाऱ्या भागांसाठी उस्ताद लांब पेचकसाचे टोक लोखंडाला व मूठ कानाच्या हाडाला लावतो. १८१६ साली पॅरिसच्या लेनेक या वैद्याने कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला, तत्त्व तेच.

गणिताचाही उपयोग होतो, जरी उस्ताद त्याला गणित म्हणत नाही. जीपवर्गीय गाडीचे चाक एका फेऱ्यात सव्वादोन मीटरांच्या आसपास अंतर कापते. म्हणजे ताशी ४० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला सुमारे ५ फेरे घेते, आणि त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट, क्राउन-पिनियनच्या दातांच्या प्रमाणामुळे, सेकंदाला सुमारे २० फेरे घेत असतो. जो ठोका मनातल्या मनात मोजता येतो तो चाकाच्या बाजूचा. जो मोजता न येता थरथरीत विरघळतो तो शाफ्टचा. डिफरन्शियलच्या दातांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे: जोर देताना एका बाजूचे दात भिडतात, जोर सोडल्यावर दुसऱ्या बाजूचे, म्हणून एक्सिलरेटर दाबताना येणारी किणकिण आणि सोडताना येणारी किणकिण यांचे अर्थ वेगवेगळे असतात.

आता एका तपासाची हकिकत सविस्तर सांगतो, कारण या विद्येचे खरे सौंदर्य तीत आहे. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याच्या बाजूचा एक शेतकरी आपली बोलेरो घेऊन आला होता. गाडी सुरू होताना मागून ‘टक्’ असा एकच आवाज, आणि थांबताना पुन्हा तसाच एक. मधल्या साऱ्या प्रवासात शांतता. यापूर्वी एका ठिकाणी त्याला मागचे दोन्ही शॉकअप बदलावयास लावले होते, दुसऱ्या ठिकाणी टायर; आवाज जागच्या जागी. मनुष्य हैराण झाला होता आणि त्याच्या बोलण्यात मिस्त्री या जातीवरच राग होता, तो समजण्यासारखाही होता.

“उस्ताद, आता अजून काही बदला म्हनू नका, पैसे नाहीत माझ्याकडं,” तो म्हणाला.

“भाऊ, काहीच बदलायचं न्हाई. आधी मला सांगा, खड्ड्यात वाजायलीय का?”

“न्हाई. खड्ड्यात गप्प राहाती.”

“मग शॉकअपचा यात काय गुन्हा होता?” उस्ताद म्हणाला, आणि शेजारच्या स्टुलावर त्याला बसवून त्याने चहा मागविला.

येथून जे घडले त्याला न्यायशास्त्राच्या परिभाषेत अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात: जे असता कार्य असते आणि जे नसता कार्य नसते, त्याचा शोध. शॉकअपचा दोष असता तर आघाताबरोबर आवाज आला असता. तो येत नाही, म्हणून शॉकअप सुटला. राहिले तिघे: शाफ्टचे क्रॉस, ब्रेकच्या पट्ट्या, आणि पाट्यांची बांधणी. उस्ताद गाडीत बसला, सपाट रस्त्यावर वेग घेतला, आणि एक्सिलरेटर दाबून-सोडून पाहिला. क्रॉस झिजला असता तर जोर देण्या-सोडण्याच्या प्रत्येक संधीला ठोका वाजला असता, वाजला नाही. मग गिअर काढून गाडी घरंगळू दिली आणि ब्रेक लावला. टक्. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचत नसतानाही आवाज आला, तेव्हा शाफ्ट आणि क्राउन-पिनियन दोघेही निर्दोष ठरले. ब्रेकच्या पट्ट्या सरकत असतील काय? पण गाडी निघताना ब्रेकवर पाय नसतो, आणि तरीही तेव्हा टक् होते. निघताना ब्रेक नाही, थांबताना इंजिनाचा जोर नाही. या दोन प्रसंगांत समान असे एकच उरले, ते म्हणजे चाकांनी आणि वरच्या देहाने एकमेकांना पुढेमागे ओढणे. जेथे मागचा आस पाट्यांना बांधलेला असतो तेथेच ही ओढ सोसली जाते. गाडी उचलण्यापूर्वीच, चहाचा पेला हातात असताना, तपास एका वीतभर जागेपर्यंत येऊन पोहोचला होता.

त्या जागेची रचना अशी. बोलेरोसारख्या गाडीत मागे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांचे पाटे असतात. त्या पट्ट्यांना मधोमध आरपार एक सेंटर बोल्ट जातो, आणि त्याचे डोके आसावरच्या बैठकीच्या छिद्रात बसून आसाला त्याची नेमकी जागा दाखविते. भार मात्र या बोल्टाने सोसावयाचा नसतो. तो सोसतात दोन्ही बाजूंचे यू बोल्ट, जे पाटे आणि आस यांना आवळून एकजीव करतात. यू बोल्ट सैल पडले की आस पाट्यांवर सरकू पाहतो, सगळी ओढ त्या एका बारीक सेंटर बोल्टावर येते, आणि तो तुटतो. त्यानंतर आस गाडी निघताना किंचित पुढे आणि थांबताना किंचित मागे जातो. हे अंतर बोटाच्या पेराहून कमी असले तरी त्यातून निघणारा आवाज सांगाड्यातून थेट चालकाच्या पाठीशी येतो. दुर्लक्ष केले तर आस तिरका होतो, गाडी रस्त्यावर एका अंगाने चालू लागते, आणि ब्रेकच्या नळीवर ताण पडून अनर्थ ओढवू शकतो.

गाडी गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली गेली. उस्तादाने प्रथम हात लावला नाही; बॅटरी घेऊन केवळ पाहिले. उजव्या बाजूचे यू बोल्ट धुळीने आणि जुन्या चिखलाने सारखे माखलेले होते. डाव्या बाजूला मात्र नटाच्या कडेने लालसर भुकटीची एक बारीक रेघ उमटली होती, आणि तिच्याशेजारी पाट्याचा एक अरुंद पट्टा घासून चकाकत होता. एकमेकांवर किंचित सरकणाऱ्या दोन लोखंडी पृष्ठभागांमधून असा लाल चुरा निघतो. जेथे तो दिसेल तेथे हालचाल आहे असे समजावे. याउपर खातरजमेसाठी मागल्या चाकांना पुढूनमागून ठोकळे लावले, शागीर्दांनी गाडीचा देह पुढेमागे ढकलला, आणि उस्तादाने त्या सांध्यावर बोट टेकविले. मग त्याने त्या शेतकऱ्याला खाली बोलावून त्याचेही बोट तेथे ठेवविले. आपल्या गाडीचा दोष मालकाला आपल्या बोटाने कळावा, ही रीत मला फार थोर वाटते. तीमुळे त्या मनुष्याच्या चेहऱ्यावरचा राग मावळला आणि तो नटांविषयी, बोल्टांविषयी, भाराविषयी प्रश्न विचारू लागला. नवा सेंटर बोल्ट, नवे यू बोल्ट आणि मजुरी मिळून जो खर्च झाला, तो आधीच्या शॉकअपच्या जोडीच्या मानाने अगदीच किरकोळ होता.

या ठिकाणी मला एक गोष्ट स्पष्टपणे मांडावयाची आहे. आपल्याकडे गॅरेजात पैसे मोजले जातात ते वस्तूचे आणि फार तर हाताच्या मजुरीचे; निदानाचे मोल कोणी देत नाही, आणि मागितले तर ‘नुसते पाहण्याचे कसले पैसे’ असे उत्तर मिळते. याचा परिणाम अटळ आहे. ज्या कारागिराला शोधाचा मोबदला नाही, तो शोधात वेळ घालविणार कसा? त्याचा संसार सुट्या भागांच्या विक्रीवर चालत असेल, तर संशय येताच भाग बदलणे हाच त्याचा मार्ग ठरतो, आणि ग्राहक एकाच्या जागी तीन भागांची किंमत भरतो. डॉक्टरांच्या तपासणीचे शुल्क आपण निमूटपणे देतो, कारण निदान हे ज्ञान आहे असे आपण मानतो. गाडीखाली निजणाऱ्या मनुष्याच्या ठायीही ज्ञान असू शकते, हे मानण्यास आपण अजून तयार नाही. चारठाण्याच्या त्या शेतकऱ्याने निघताना ठरल्यापेक्षा काही नोटा अधिक पुढे केल्या आणि त्या ‘शोधून काढल्याचे’ म्हणून घ्याव्यात असा आग्रह धरला. उस्तादाने त्या घेतल्या, आणि त्या घेण्यात काही गैर नाही असे माझे ठाम मत आहे.

नव्या साधनांनी ही विद्या निरुपयोगी होईल, असे पुष्कळांना वाटते. गाड्यांतले संगणक आता स्वतःचे दोष स्वतः नोंदवितात; २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाल्यावर तर धुराचा आणि इंधनाचा बारीकसारीक हिशेब त्यांच्या दप्तरात राहतो, आणि स्कॅनर जोडला की तो वाचता येतो. त्या गॅरेजातला तरुण शागीर्द औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून आलेला होता आणि स्कॅनर उत्तम चालवीत होता. त्याने या बोलेरोलाही तो लावून पाहिला होता, आणि पडद्यावर एकही दोष उमटला नव्हता. उमटणार कसा? पाट्याच्या सेंटर बोल्टापाशी कोणी संवेदक बसविलेला नसतो. यू बोल्ट सैल पडल्याची वार्ता संगणकाला देणारी तारच नाही. मोठ्या कार्यशाळांत चिमट्यांनी निरनिराळ्या भागांना लावण्याचे छोटे ध्वनिग्राहक वापरतात, आणि गाडी चालत असता कोणत्या भागाचा आवाज मोठा आहे हे त्यांवरून पाहतात. ते साधन उपकारक आहे, पण चिमटे कोठे लावावेत हे आधी कोणाला तरी सुचावे लागते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिनाचा घोष नाहीसा होतो आणि त्याखाली झाकून राहिलेली मागची प्रत्येक कुरकुर मालकाच्या कानी पडते. त्या गाड्या या जिल्ह्यात जसजशा वाढतील, तसतशी कान देणाऱ्या मनुष्याची गरज वाढेल असा माझा अंदाज आहे. म्हणून त्या शागिर्दाच्या एका हातात स्कॅनर आणि दुसऱ्या हातात लांब पेचकस पाहून मला समाधान वाटले.

काम पुरे झाले तरी उस्तादाने गाडी सोडताना एक अट घातली. नवे यू बोल्ट प्रथम आवळले, की पाट्यांच्या पट्ट्या भाराखाली एकमेकींवर बसतात आणि बोल्टांना पुन्हा किंचित ढिलाई येते. ती काढली नाही तर नव्या सेंटर बोल्टाचीही जुन्याचीच गत व्हावयाची.

“पाचशे किलोमीटर चालवा, पन रिकामी न्हाई, भरून चालवा. आन् मग नट कसायला घेऊन या. त्याचे पैसे लागत न्हाईत.”

सोयाबीनच्या खेपा झाल्यानंतर तो शेतकरी गाडी घेऊन परत आला. आवाज नव्हता. तरीही गाडी खड्ड्यावर घेतली गेली, आठही नटांना पाना लागला, आणि डाव्या बाजूचे नट उजव्यांपेक्षा थोडे अधिक फिरले. शागिर्दाने प्रत्येक नटावरून बोल्टावर उतरणारी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. नट उद्या जागचा हलला तर रेघ मधोमध तुटलेली दिसेल, हे त्याने त्या शेतकऱ्याला खाली वाकवून समजावून दिले, आणि महिन्यातून एकदा गाडी धुताना तेवढे पाहत जा असे सांगितले.